फुलटाइम पीएचडीला निघालात? टॉपिकच्या आधी तारखा आणि कागद बघा

नेटचा (प्राध्यापकी, फेलोशिप आणि पीएचडी प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा) निकाल लागला की दर वेळी माझ्या व्हॉट्सॲपवर चार-पाच ज्युनिअर्सचे मेसेज येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, "ताई, टॉपिक काय घेऊ?" टॉपिकचं बघू रे नंतर. टॉपिक दोनदा बदलून आरामात पीएचडी झालेली माणसं मी बघितलीयत, पण रजिस्ट्रेशनची तारीख, गाईडची रिटायरमेंट आणि फेलोशिपचे महिने यांचा हिशोब न ठेवल्यामुळे पाचव्या वर्षी रडकुंडीला आलेली त्याहून जास्त बघितलीयत. मी समाजशास्त्रात, मराठीतून थिसिस लिहून, फुलटाइम केली. जे जे अडलं ते एकदाच लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करता येईल.

एक आधीच सांगते. सध्या चालतात ते यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडी नियम, ७ नोव्हेंबर २०२२ पासूनचे. तुमच्या डिपार्टमेंटमधले सिनिअर बऱ्याचदा २०१६ चे नियम सांगतात, त्यांच्यासाठी ते बरोबरही असतात, पण तुमच्यासाठी नाहीत. शिवाय प्रत्येक विद्यापीठ त्यावर स्वतःचा नियम काढतं, ते पीडीएफ साइटवर कुठेतरी आठ क्लिक आत असतं, ते शोधा, प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा. कंटाळवाणं आहे, पण पुढे ऑफिसात "असा नियमच नाही मॅडम" म्हणणारा कुणीतरी भेटतोच, तेव्हा पानावर बोट ठेवता आलं पाहिजे.

पायरी १: आपण बसतो का

मास्टर्सला ५५ टक्के हवेत. एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्क्यांची सूट, म्हणजे ५०. नवीन चार वर्षांची डिग्री केली असेल तर मास्टर्स न करताही पीएचडीला जाता येतं पण मग ७५ टक्के लागतात (इथेही ती ५ टक्क्यांची सूट आहेच). एमफिल करून मग पीएचडी हा रस्ता आता बंद, २०२२ च्या नियमांनी एमफिलच काढून टाकली, त्यामुळे कुठे एमफिलची जाहिरात दिसली तर तिथून लांब राहा.

पायरी २: नेट की विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा)

यूजीसी नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सायकलला होते. पहिल्या पेपरला १०० मार्क, दुसऱ्याला २००, मिळून तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. जून २०२४ पासून या परीक्षेचे निकाल तीन कप्प्यांत लागतात: जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे), नुसती असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीची पात्रता, आणि नुसती पीएचडीची पात्रता. वरच्या कप्प्यात आलात तर प्रवेश इंटरव्ह्यूवर, खालच्या दोन कप्प्यांत असाल तर नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन. आणि इथे सगळे फसतात ते म्हणजे, खालच्या दोन कप्प्यांतले मार्क पीएचडी प्रवेशासाठी फक्त एक वर्ष चालतात. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून बसलेल्या माझ्या एका मैत्रिणीला परत परीक्षा द्यावी लागली.

जिथे विद्यापीठ स्वतःची पेट घेतं तिथे अर्धा पेपर रिसर्च मेथडॉलॉजीचा आणि अर्धा विषयाचा असतो, इंटरव्ह्यूला बोलावणं यायला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४५. मेथडॉलॉजीला हलक्यात घेऊ नका. विषय सगळ्यांना येतो, मार्क तिथेच तुटतात.

जेआरएफला वयाची अट आहे, ३० वर्षं, आणि महिलांना, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ५ वर्षांची सवलत. नुसत्या पीएचडी प्रवेशाला वयाची अशी अट नाही. त्यामुळे वय काठावर असेल तर आधी जेआरएफच्या मागे लागा.

पायरी ३: गाईड, इथे घाई करू नका

एका प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ विद्यार्थी, त्याहून जास्त नाही (परदेशी विद्यार्थी यात धरत नाहीत). म्हणजे तुम्हाला आवडणाऱ्या सरांकडे जागाच नाही असं सर्रास होतं. विद्यापीठं व्हेकन्सीची यादी लावतात ती आधी बघा, पण त्यावरच विसंबू नका, एक फोन करा, कारण थिसिस जमा करून गेलेल्या मुलाची जागा यादीत कित्येक महिने भरलेलीच दिसत राहते.

आता रिटायरमेंट. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, हे ठीक. पण समजा निवृत्तीला साडेतीन वर्षं आहेत आणि त्यांनी तुम्हाला घेतलं, नियमात बसतं, सगळे खुश. पीएचडीला सरासरी पाचेक वर्षं धरा. चौथ्या वर्षी सर रिटायर होतात, त्यानंतर ते तुमचे को-गाईड म्हणून राहू शकतात, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच, पण मुख्य गाईड दुसरा शोधावा लागतो. आणि हा नवा गाईड तुमचे तीन चॅप्टर वाचून म्हणतो, "थिअरी थोडी बदलूया का." सरांना पहिल्याच भेटीत रिटायरमेंट कधी हे विचारायला अवघड वाटतं, मान्य आहे, मग ऑफिसात विचारा, तिथे सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ असतात.

त्यांच्याकडे सध्या करत असलेल्या मुलांना भेटा. सर हुशार आहेत का, स्वभावाने कसे आहेत, हे विचारून काही कळत नाही, सगळे चांगलंच सांगतात. एकच विचारा: एक चॅप्टर दिला की किती दिवसांनी परत येतो? उत्तर देताना समोरचा हसला तर समजून जा.

कॉलेजच्या रिसर्च सेंटरला जाणार असाल तर त्या सेंटरला तुमच्या विषयाची मान्यता आहे ना आणि ती कधीपर्यंत आहे, हे लेखी बघून घ्या. तोंडी "आहे हो" चालत नाही.

पायरी ४: कागद

दहावीच्या मार्कशीटपासून सगळं एका फाइलमध्ये लावा: मार्कलिस्ट, डिग्री, टीसी, मायग्रेशन, आधार, मध्ये गॅप असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, राखीव जागेवर असाल तर जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रिमीलेयर. नॉन-क्रिमीलेयरची मुदत बघा, ती ३१ मार्चला संपते आणि फॉर्म एप्रिलनंतर निघाला की तहसीलच्या चकरा सुरू.

मायग्रेशन ओरिजिनल जमा करावं लागतं, आधी रंगीत स्कॅन करून ठेवा.

नावाचं स्पेलिंग हा वेगळाच विषय आहे. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता, बारावीला नव्हता, आधारवर तिसरंच काहीतरी. नेटचा फॉर्म दहावीप्रमाणे भरला, बँकेचं खातं आधारप्रमाणे, आणि फेलोशिपचा पहिला हप्ता त्या एका 'ए'वर अडीच महिने अडकला. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर राजपत्राची कॉपी चार-पाच जागी ठेवावी, किंवा माझा प्रामाणिक सल्ला, थिसिस जमा होईपर्यंत कागदोपत्री नाव बदलूच नये.

पायरी ५: फुलटाइम म्हणजे नक्की काय, आणि पैसे

फुलटाइम म्हणजे डिपार्टमेंटला हजेरी, मस्टरवर सही, आणि वर आठवड्याला चार ते सहा तास शिकवणं किंवा रिसर्चची मदत, असं नियमच सांगतात. प्रत्यक्षात पेपर तपासणं, सेमिनारला खुर्च्या मोजणं, नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलींना टॅग लावणं हेही येतं. थोडं करा, सगळं करू नका. नोकरी करत करायची असेल तर पार्टटाइम आहे, त्याला तुमच्या ऑफिसची एनओसी लागते. फुलटाइमला नाव घालून गुपचूप नोकरी करणं हा प्रकार करू नका, कुणी ना कुणी तक्रार करतंच. आणि घरबसल्या ऑनलाइन पीएचडी किंवा डिस्टन्स पीएचडी असं यूजीसीच्या नियमांत बसत नाही, ॲपवाल्या कंपन्या परदेशी विद्यापीठाचं नाव लावून विकतात त्याबद्दल यूजीसीने २०२२ मध्येच सावध केलंय. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना नियम न पाळल्यामुळे पुढची पाच वर्षं पीएचडीला प्रवेश द्यायला बंदी घातली गेली, म्हणजे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या साइटवर तपासणं दहा मिनिटांचं काम आहे, ते करा.

आता पैसे. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी कमिटीने काम बघून शेरा दिला की एसआरएफ (सिनिअर रिसर्च फेलोशिप), म्हणजे ४२,०००. हॉस्टेल मिळालं नसेल तर घरभाडं वेगळं. कंटिन्जन्सी (संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे) मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५०० वर्षाला, विज्ञानवाल्यांना १२,००० आणि २५,०००. ऐकायला झकास. पण हे पैसे दर महिन्याला आपोआप येत नाहीत. दर महिन्याला तुमच्या संस्थेने पोर्टलवर "हा मुलगा हजर होता" असं कन्फर्म करायचं असतं, एक मेकर भरतो, दुसरा चेकर मंजूर करतो, आणि दोघांपैकी एक जरी इलेक्शन ड्यूटीवर गेला तरी तुमचा महिना गेला, म्हणजे बुडत नाही, पुढे एरिअर्स म्हणून येतो, पण घरमालकाला एरिअर्स कळत नाहीत. महिना संपायच्या आत त्या टेबलापाशी जाऊन नमस्कार करून यायची सवय लावून घ्या. मी चेकरबाईंच्या मुलीला अकरावीचे नोट्स दिले होते, उगाच नाही. सुरुवातीचे पाच-सहा महिने घरून किंवा साठवलेल्या पैशांतून निघतील एवढी सोय करूनच निघा.

जेआरएफ घेताना तुम्ही लिहून देता की दुसरी कुठलीही नेमणूक घेणार नाही, पगारी किंवा बिनपगारी. म्हणजे सीएचबीवर (तासाच्या मानधनावर) तासिका घेणं बंद. बरेच जण घेतात, ऑडिटमध्ये सापडले की सगळी रक्कम वसूल होते, तेव्हा रडतात. सुट्टीही शाळा-कॉलेजसारखी नाही, वर्षाला ३० दिवस आणि सार्वजनिक सुट्ट्या, उन्हाळ्याची-दिवाळीची सुट्टी फेलोला नसते.

जेआरएफ नाही मिळाली तर एससीसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसींसाठी नागपूरची महाज्योती, शिवाय केंद्राच्या एससी, एसटी, ओबीसीसाठीच्या फेलोशिप आहेत. यांच्या जाहिराती कधी निघतील याचा भरवसा नसतो आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजिस्ट्रेशन झालेलं हवं अशी अट असते, म्हणून परत तेच, तारीख. आणि एका वेळी एकच फेलोशिप घेता येते.

हा एक हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जेआरएफ-एसआरएफ मिळून पाच वर्षं. पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, प्रवेशाच्या तारखेपासून. पुढे री-रजिस्ट्रेशन करून दोन, म्हणजे एकूण आठ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना अजून दोन, एकूण दहा. म्हणजे सहावं वर्ष नियमात बसतं पण फेलोशिपशिवायचं असतं. चौथ्या वर्षाच्या शेवटी फील्डवर्क बाकी असेल तर हे वर्ष तुमच्या वाट्याला येणार, हे धरून चला.

मुलींनी अजून दोन गोष्टी माहीत करून घ्या कारण ऑफिसवाले आपणहून सांगत नाहीत: पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह मिळते, आणि लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदललं तर संशोधनाचा डेटा दुसऱ्या विद्यापीठात नेता येतो, फक्त ते काम गाईडच्या किंवा संस्थेच्या फंडेड प्रोजेक्टचा भाग नको, आणि जुन्या गाईडला-संस्थेला श्रेय द्यायचं.

पायरी ६: पहिलं वर्ष

कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं, त्यात रिसर्च आणि पब्लिकेशन एथिक्स सगळ्यांना सक्तीचं. ५५ टक्के लागतात. होऊन जातं, टेन्शन घेऊ नका, फक्त सर्टिफिकेट लगेच हातात घ्या.

मग आरएसी, म्हणजे सल्लागार समिती. दर सेमिस्टरला तिच्यापुढे उभं राहून काय केलं ते सांगायचं असतं. इथे काय होतं की समितीतले एक सर एक सांगतात, पुढच्या वेळी दुसऱ्या मॅडम त्याच्या उलट सांगतात, आणि मधल्या मध्ये तुमचं मराठवाड्यातलं फील्ड विदर्भात जाऊन परत येतं. मी तिसऱ्या बैठकीपासून एक केलं, मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी मेल टाकायचे, "आज ठरल्याप्रमाणे मी पुढील तीन गोष्टी करणार आहे", गाईडला आणि सगळ्या सदस्यांना. कुणी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या वेळी कुणी दिशा बदलायला लागलं की तो मेल समोर ठेवायचा, प्रेमाने.

शोधगंगावर (भारतातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) तुमच्या टॉपिकच्या आसपासचे थिसिस आधीच बघा. टॉपिक कुणी केलाय का हे तर कळतंच, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे तुमच्याच गाईडकडे झालेले थिसिस किती पानांचे, किती चॅप्टरचे आहेत ते दिसतं.

पायरी ७: लिहिणं, आणि फॉन्टचं माझं प्रकरण

मराठीतून लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचा. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. मी हाताने लिहून चार चॅप्टर एका डीटीपीवाल्याकडे दिले, त्याने जुन्या फॉन्टमध्ये सुरेख टाइप करून दिले, प्रिंट बघून मी खुश. लायब्ररीत सिमिलॅरिटी चेकला (मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअरने तपासायला) दिलं तर रिपोर्ट आला शून्य टक्के. मी पेढे वाटायच्या बेतात, लायब्ररीतले सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढं ओरिजिनल कुणीच नसतं मॅडम." जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'म' दिसतो पण फाइलच्या पोटात ते भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, सॉफ्टवेअरला सगळा कचरा दिसला, त्याने जुळवायचं काय? मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं तर रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसले. समाजशास्त्राचा थिसिस, दर पानावर 'वर्ग' आणि 'धर्म', आणि एकही जागेवर नाही. तीनशेच्या वर पानं हाताने दुरुस्त करायला तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे सबमिशनच्या आधीचे होते.

सिमिलॅरिटीचं गणित २०१८ च्या नियमांत आहे: १० टक्क्यांपर्यंत काही नाही, १० ते ४० मध्ये सुधारून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष जमाच करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. संदर्भ देऊन अवतरणात टाकलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे यात मोजत नाहीत, आणि सहज जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडतात. तुमच्या लायब्ररीने ही सेटिंग लावून रिपोर्ट काढलाय का ते विचारा, न लावता काढला तर संदर्भसूचीच टक्केवारी फुगवते. संदर्भ झोटेरोसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून टाका, शेवटी बसून टाकू म्हणाल तर पान नंबर शोधत बसाल.

थिसिसच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही देशभराची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिली नाही. तुमच्या विद्यापीठाने ठेवली असू शकते, त्या पीडीएफमध्ये बघा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या मेलना मात्र उत्तरही देऊ नका.

पायरी ८: जमा करणं ते व्हायवा

आधी आरएसीपुढे प्री-सबमिशन प्रेझेंटेशन, ते डिपार्टमेंटच्या सगळ्यांना खुलं असतं. मग थिसिस गाईडशिवाय कमीत कमी दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. दोघांचे रिपोर्ट चांगले आले की व्हायवा, एकाने नाकारला तर त्याच्याऐवजी नव्या बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवतात. हे सगळं सहा महिन्यांत व्हावं असं नियमात आहे. दर पंधरा दिवसांनी परीक्षा विभागात जाऊन "रेफरीचा रिपोर्ट आला का" विचारत राहायचं, शांतपणे, त्या टेबलावरच्या माणसाला तुमचा चेहरा पाठ झाला पाहिजे. जेआरएफवाल्यांनो, थिसिस जमा केला की फेलोशिप थांबते, पाच वर्षं झाली नसली तरी, त्यामुळे व्हायवापर्यंतच्या महिन्यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

बाइंडिंगला टाकण्याआधी कव्हरवरचं स्वतःचं नाव दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आपल्याला स्वतःच्या नावातली चूक दिसत नाही. व्हायवा झाला की सॉफ्ट कॉपी शोधगंगासाठी द्यावी लागते, ती फाइल उघडते ना हे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बघा. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर "यूजीसीच्या नियमांनुसार" हे वाक्य आहे का ते खिडकीवरूनच तपासा, नंतर नोकरीच्या इंटरव्ह्यूला तेच विचारतात. आणि नो ड्यूजसाठी लायब्ररीची डिपॉझिटची पावती लागते, पहिल्या वर्षीची. माझी सापडली नाही, तिच्यासाठी शंभरच्या स्टॅम्पपेपरवर ॲफिडेव्हिट करून दिलं, डिपॉझिट होतं पाचशे रुपये.